कोव्हेंट्रीहून आलेलं पत्र

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
९ मार्च २००३

प्रिय केदारदादा,

पाकिटावर माझं नाव बघून तू जरा थांबला असशील. मी नेत्रा, सुशांतची बहीण. लक्ष्मीनगरच्या बिल्डिंगमध्ये तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि आम्ही तळमजल्यावर. सात वर्षं आपण कोणीच एकमेकांशी बोललेलो नाही, म्हणून ओळख देतेय. तुझा पत्ता तुझ्या आईकडून, रुपालीकाकूंकडून घेतला. त्यांनी मला तुझा ईमेलही दिला होता, पण हे मला मराठीत लिहायचं होतं आणि कॉम्प्युटरवर मराठी मला जमत नाही.

दादा दोन हजार एकपासून इथे आहे, मार्लबोरोला एका कंपनीत. मी मागच्या ऑगस्टमध्ये एमएससाठी वूस्टरला आले आणि त्याच्याच अपार्टमेंटमध्ये राहते. १३ डिसेंबरला सकाळी तो ऑफिसला जायला निघाला होता. रूट नाइनवर ब्लॅक आइस होता, म्हणजे रस्ता नुसता ओला दिसतो आणि बर्फ दिसतच नाही. गाडी फिरली आणि ड्रायव्हरच्या बाजूने खांबावर गेली. एकोणीस दिवस तो शुद्धीवर नव्हता.

आता तो चालतो. उजवा हात नीट उचलता येत नाही. आपण बोललेलं सगळं त्याला समजतं. पण मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय, त्यामुळे बोलणं गेलंय. शब्द सापडत नाहीत, किंवा भलताच येतो. पाणी हवं असलं की तो "शनिवार" म्हणतो. आपण चुकीचं बोललो हे त्याचं त्यालाच कळतं आणि मग दिवसभर तो तोंड उघडत नाही.

इथे त्याला बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट आहेत, मार्गारेट नावाच्या. त्या म्हणाल्या, गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. बोलता न येणारी माणसंसुद्धा कधीकधी पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतात, आणि तिथून हळूहळू बोलण्याकडे आणता येतं. "लहानपणी त्याने शंभर वेळा म्हटलेलं काय आहे?" असं त्यांनी विचारलं. आई जानेवारीत नागपूरहून आलीये. तिने सगळ्या आरत्या म्हणून बघितल्या, पाढे म्हणून बघितले. दादा तिच्याकडे नुसता बघत राहतो.

त्याने शंभर वेळा काय म्हटलंय ते मला माहीत आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून तुम्ही दोघं म्हणायचात तेच. पण मला नुसत्या चाली आठवतात, गाण्यांची नावं नाही. दुकानात जाऊन ओएसिस एवढं बँडचं नाव म्हटलं तर चार सीडी पुढे येतात. तुझ्याकडे मावशीने पाठवलेल्या त्या कॅसेटमधल्या गाण्यांची यादी असेल तर पाठवशील का? एवढंच मागायचं होतं.

दादा तुझी खूप आठवण काढतो.

तुझी,
नेत्रा


फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
२१ मार्च २००३

नेत्रा,

पत्र मिळालं. सुशांतचं वाचून फार वाईट वाटलं. काकूंना सांग, लवकर बरा होईल.

सोबत सीडी आहे. ओएसिसची अकरा गाणी घातली आहेत. माझ्या शुभामावशीने इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीहून पाठवलेल्या त्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने. कॅसेट आता नाही, पण क्रम पाठ आहे. कागदावर शब्दही लिहून दिलेत, थेरपिस्टबाईंना लागले तर.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. तो बोलू शकत नाही असं तूच लिहिलंस आणि शेवटी लिहिलंस की तो माझी आठवण काढतो. याची गरज नव्हती. सीडी मी तशीही पाठवलीच असती. तू त्याच्यासाठी तेव्हाही खोटं बोलली होतीस आणि आजही बोलतेस. तेव्हा तू दहावीत होतीस, त्याने सांगितलं ते केलंस, म्हणून तुझ्यावर माझा कधी राग नव्हता.

त्याच्यावर होता. तुझ्या लक्षात असेल-नसेल म्हणून सांगतो. पंचाण्णवच्या ऑगस्टमध्ये ब्लर आणि ओएसिस, दोन्ही बँडची नवी गाणी इंग्लंडमध्ये एकाच दिवशी येणार होती, ज्यांचं जास्त खपेल ते पहिले. मी ब्लरचा, तो ओएसिसचा. पैज अशी होती, की ओएसिस पहिले आले तर मावशीने मला पाठवलेली गिटार सुशांतची. ब्लर पहिले आले तर गॅदरिंगला त्याने माझी गाणी म्हणायची. बारावीचं वर्ष म्हणून दोन्ही घरांतली केबल काढलेली. निकाल मावशीच्या पत्रातून कळणार होता. नेमके तेव्हा आम्ही महालक्ष्म्यांसाठी अमरावतीला गेलो होतो आणि आमच्या टपालपेटीची किल्ली तुमच्याकडे होती. परत आलो तर तू म्हणालीस, पत्र आलं होतं, मी उघडून वाचलं, ओएसिस पहिले आले, आणि पत्र रद्दीत गेलं. मी गिटार खाली नेऊन दिली.

डिसेंबरमध्ये मावशीचं दुसरं पत्र आलं. "तुझे ब्लरवाले जिंकले, तरी तू साधं उत्तरही पाठवलं नाहीस." गॅदरिंगच्या दिवशी मी ते घेऊन स्टेजच्या मागे गेलो. सगळ्या वर्गासमोर त्याला चोर म्हणालो. तो म्हणाला, "हो, मीच फाडलं." गिटार माझ्या हातात दिली आणि न गाता निघून गेला.

गिटारचं मला काही नव्हतं. मागितली असती तर मी अशीच दिली असती. त्याने मला मूर्ख बनवलं आणि तीन-चार महिने माझ्या शेजारी बसत राहिला, हे मला सहन झालं नाही.

तब्येतीबद्दल कळवत जा.

केदार


श्रूजबरी
१३ एप्रिल २००३

प्रिय केदारदादा,

सीडीबद्दल कसे आभार मानू ते कळत नाही. तू शब्द इतक्या सुंदर अक्षरात लिहून दिलेस, मार्गारेटनी त्याच्या प्रती काढून घेतल्या.

शेवटचं वाक्य खोटं होतं. मला ते लिहायला नको होतं. तू येशील असं कुठेतरी वाटलं होतं म्हणून लिहिलं.

सीडीचं असं झालं. पहिलं गाणं लागल्यावर दादा ताठ बसला. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी त्याच्या खोलीत न विचारता शिरलेय. मग डोळे मिटून गुणगुणला, चाल अगदी बरोबर होती. मार्गारेट म्हणाल्या, "आता शब्द." तो तोंड उघडायचा आणि शब्द यायचे नाहीत. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी त्याने डाव्या हाताने सीडी प्लेअर टेबलावरून ढकलून दिला. आई मला म्हणाली, "कशाला त्याला छळतेस? ज्याने त्रास होतो ते कशाला ऐकवायचं?" ती नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली. आमचं अपार्टमेंट लहान आहे, सगळं ऐकू येतं.

मार्गारेट म्हणतात, ही गाणी तो बहुधा एकटा म्हणायचा. एकट्याने सुरू करायचं त्याला जमत नाहीये. कोणाच्या तरी जोडीने म्हटलेलं एखादं गाणं असेल तर बघा.

असं काही आहे का? आणि पंचाण्णवबद्दल तू जे लिहिलंस, त्याचं उत्तर मी देईन. आज नाही.

नेत्रा


फ्रीमाँट
२ मे २००३

प्रिय नेत्रा,

तुझं पत्र आल्यापासून मी ऑफिसला जाता-येता हाच विचार करतोय. आठशे ऐंशी नंबरच्या फ्रीवेवर संध्याकाळी गाड्या इंच-इंच सरकतात, विचार करायला वेळ खूप मिळतो.

आम्ही काय मूर्खपणा करायचो ते तुला माहीत नाही. कॉलेजात आमचे दोन पक्ष होते. सुशांतच्या पक्षात चार पोरं, माझ्या पक्षात तीन. त्यातल्या पाच जणांनी एकही गाणं धड ऐकलेलं नव्हतं. तरी फळ्यावर नावं लिहायची, पुसायची, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एकमेकांच्या बॅचमध्ये बसायचं नाही. तो म्हणायचा, ओएसिसवाले कामगार वस्तीतून आले, मनापासून गातात, तुझे ब्लरवाले आर्ट कॉलेजची शहाणी पोरं. मी म्हणायचो, तुझ्या लोकांकडे तीनच कॉर्ड आहेत. मँचेस्टर कुठे आणि लंडन कुठे, आम्ही अॅटलासमध्ये बघितलेलं. तिथल्या माणसांची भांडणं आम्ही वाटून घेतली होती.

पण हे सगळं खाली, लोकांसमोर. गच्चीवर वेगळं असायचं. ओएसिसची गाणी तो एकटाच म्हणायचा, कारण मला तो वरचा सूर लागायचा नाही. मार्गारेटबाईंनी बरोबर ओळखलं. ब्लरची गाणी मात्र मला एकट्याला जमायची नाहीत. मी ताल सोडायचो. मग तो मागचा आवाज द्यायचा, मला परत जागेवर आणायचा. वर्गात त्या गाण्यांना नावं ठेवायचा आणि गच्चीवर शब्द न् शब्द म्हणायचा. "खाली कोणाला सांगू नको," असं मला दर वेळी सांगायचा.

हे मी पार विसरलो होतो. इतकी वर्षं मला फक्त ते स्टेजमागचं आठवत होतं.

दुसरी सीडी पाठवतोय. यात सहा गाणी आहेत. पण सीडीवर मुख्य आवाजही असेल आणि मागचाही. मार्गारेटबाईंना काय करायचं ते कळेल.

एकच मागणं आहे. तो बोलायला लागला, तर कधीतरी त्याला विचार, त्याने ते पत्र का फाडलं. मला भांडायचं नाही. फक्त कळायला हवं. माझा तेवढा एकच मित्र होता. इथे दर शुक्रवारी आम्ही आठ-दहा जण जेवायला जमतो, पण तसा परत कोणी झाला नाही.

केदार


श्रूजबरी
१८ मे २००३

केदारदादा,

त्याला विचारायची गरज नाही. पत्र मी फाडलं.

हे वाक्य लिहायला मला सात वर्षं आणि दोन महिने लागले. आता लिहिलंय तर पुढचंही लिहिते.

तुझी गिटार यायच्या आधी दादा काय करायचा तुला माहीत नाही. बाबा म्हणाले होते, बारावी होईपर्यंत घरात गिटार येणार नाही. त्याने सुताराकडून एक फळी आणली होती आणि तिच्यावर स्केचपेनने सहा रेघा मारल्या होत्या. कॉटवर बसून तो त्या रेघांवर बोटं ठेवायचा. आवाज नाही, काही नाही. मी समोर अभ्यासाला बसायचे आणि तो असा तासभर न वाजणारी फळी वाजवायचा. मग तुझी गिटार आली. तू त्याला रोज तासभर द्यायचास, हे मी विसरलेले नाही. पण तास संपला की तो ती वर पोहोचवून यायचा आणि परत फळी घ्यायचा. तुझ्यापेक्षा तो चांगला वाजवतो, हे तूही म्हणायचास.

तुम्ही अमरावतीला होता तेव्हा मी तुमच्या पेटीतून टपाल काढलं. कोव्हेंट्रीचं निळं पत्र होतं. जिन्यात उभी राहूनच उघडलं. तिसऱ्या ओळीत ब्लर पहिले आल्याचं होतं. मी फार विचार केला असं खोटं लिहिणार नाही. तिथेच फाडलं आणि बिल्डिंगच्या मागे टाकलं. मग घरात जाऊन दादाला सांगितलं की तू जिंकलास. तो इतका हसला की मला वाटलं, मी बरोबर केलं.

त्याला माहीत नव्हतं. डिसेंबरपर्यंत त्याला खरंच वाटत होतं की तो जिंकलाय. गॅदरिंगला तू मावशीचं पत्र त्याच्यासमोर धरलंस, तेव्हा मी पडद्याजवळ उभी होते. त्याने पत्र वाचलं आणि तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग म्हणाला, "हो, मीच फाडलं."

मी बोलू शकले असते. शाळेचं आणि ज्युनिअर कॉलेजचं गॅदरिंग एकच, माझ्या वर्गातल्या मुली बाजूला होत्या. मी बोलले नाही. घरी गेल्यावर वाटलं आता तो मला मारेल. त्याने मला विचारलं, "परवा तुझी प्रिलिम आहे ना? बस अभ्यासाला." त्यानंतर हा विषय त्याने कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. फळी त्याने कुठे टाकली मला माहीत नाही, परत दिसली नाही. तू मार्चनंतर पुण्याला गेलास. तुझ्या निघण्याच्या दिवशी तो खिडकीत उभा होता. जा म्हटलं तर म्हणाला, "काय सांगू त्याला जाऊन?"

ज्याला तू चोर म्हणालास तो चोर नव्हता. मी होते. आणि तू जो मित्र गमावलास, तो माझ्यामुळे.

नेत्रा


श्रूजबरी
७ सप्टेंबर २००३

केदारदादा,

तुझं उत्तर आलं नाही, यात मला नवल वाटत नाही. हे पत्र माफी मागायला नाही, फक्त कळवायला.

दादाच्या कंपनीने नऊ महिने वाट बघितली. आता ते त्याची जागा भरतायत. नोकरी नाही म्हणजे व्हिसाही नाही. आईचीही मुदत संपतेय. २५ ऑक्टोबरच्या विमानाने दोघं नागपूरला परत जातील. मी इथेच राहीन, माझं एक वर्ष उरलंय.

तू पाठवलेल्या दुसऱ्या सीडीने थोडा फरक पडला. दोन-तीन ओळींचे शेवटचे शब्द तो उचलतो. पुढे जात नाही. मार्गारेट म्हणाल्या, सीडी त्याच्यासाठी थांबत नाही, ही अडचण आहे.

त्याच्या पलंगाखाली एक गिटार आहे. पहिल्या वर्षी इथे आल्यावर घेतलेली. मी आले तेव्हापासून त्याने ती केसमधून काढलेली मी बघितली नाही.

नेत्रा


फ्रीमाँट
२१ सप्टेंबर २००३

नेत्रा,

मेमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीतच वाचलं आणि गाडीतच बसून राहिलो. त्यानंतर तुला चार पत्रं लिहिली. पहिल्या दोनांत तुला वाटेल ते बोललो होतो. तिसऱ्यात मोठेपणा दाखवला होता, तो खोटा होता. चौथं अर्धंच राहिलं. जुलैमध्ये आमच्या ऑफिसातले निम्मे लोक काढले, मी वाचलो, पण मे ते सप्टेंबर गप्प बसायला ते कारण नाही. कारण हे की मला कोणावर रागवायचं तेच कळेना. सात वर्षं रागाची सवय झाली होती आणि तो चुकीच्या माणसावर होता. ते शब्द मी उच्चारले होते, तू नाही. वर्गासमोर मी एकदाही त्याला विचारलं नाही, "तू असं करशील का?" सरळ चोर म्हणालो.

तुला माफ केलं असं मला आज लिहिता येत नाही. लिहिलं तर ते तिसऱ्या पत्रासारखं होईल. पण तू ते लिहिलंस, त्याला काय लागलं असेल ते मला कळतं.

१० ऑक्टोबरला मी बॉस्टनला उतरतोय. तीन दिवस राहीन. हॉटेल बघितलंय, काकूंना त्रास नको. सुशांतला आधी सांग. त्याने मान हलवून नाही म्हटलं, तर मला फोन कर, मी तिकीट कॅन्सल करतो.

केदार


फ्रीमाँट
१९ ऑक्टोबर २००३

प्रिय नेत्रा,

काल फोनवर तू विचारलंस, शनिवारी तू लॅबला गेल्यावर नेमकं काय झालं. काकू तिथे होत्या, पण गाणं इंग्रजीत होतं आणि त्या बऱ्याचदा स्वयंपाकघरात जात होत्या. फोनवर मला सांगता आलं नाही. लिहितो.

पहिल्या दिवशी तू होतीसच. तो मला बघून उठून उभा राहिला, डावा हात पुढे केला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला. केस पुढून थोडे गेलेत त्याचे. डोक्यावरचा व्रण मी बघितला नाही असं दाखवलं.

शनिवारी मी त्याला विचारलं, गिटार काढू का. त्याने पलंगाकडे बोट केलं. तारा गंजल्या होत्या, सुरात लावायला अर्धा तास लागला. तो मान हलवून सांगत होता, अजून वर, अजून थोडं. कान तसाच आहे त्याचा. मग मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. डावा हात बरोबर जागेवर गेला. तारांवर बोटं दाबून कॉर्ड धरला त्याने. उजवा हात त्याने उचलायचा प्रयत्न केला आणि तो मांडीवरच राहिला. त्याने मान खाली घातली.

मी सोफ्यावर त्याच्या उजव्या बाजूला, अगदी चिकटून बसलो आणि माझ्या हाताने तारा छेडल्या. कॉर्ड त्याचा, हात माझा. आधी जमेना. मी घाई करत होतो. त्याने माझ्या पायावर पाय दाबला, आम्ही गच्चीवर बसायचो तेव्हा दाबायचा तसा, म्हणजे हळू. मी हळू केलं. दोन-तीनदा नुसतं वाजवलं, मग मी गायला लागलो. ब्लरचंच. सात वर्षांत मी आंघोळीतसुद्धा गायलेलो नाही, माझा आवाज कसा आहे ते तुला माहीतच आहे. दुसऱ्या कडव्याला मी ताल सोडला, आणि तो आला. मागचा आवाज, शब्दांसकट. पूर्ण ओळ. त्याच्या पुढची ओळ. त्याचं त्यालाच समजलं नाही, तो माझा ताल सांभाळण्यात गुंतला होता. काकू हातात लाटणं घेऊन दारात उभ्या राहिल्या. कडवं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हा बोलला का रे?" मी म्हणालो, "गायला, काकू." त्या परत आत गेल्या. पोळी जळल्याचा वास बराच वेळ येत होता.

आम्ही ते गाणं पाच वेळा म्हटलं.

नंतर मी त्याला म्हणालो, "सुशांत, त्या दिवशी मी तुला चोर म्हणालो. चुकलो." त्याने डावा हात हलवला, सोड, असं. मी म्हणालो, "मला नेत्राने सगळं सांगितलंय. पत्र तिने फाडलं." हे सांगायला नको होतं की काय, मला माहीत नाही. त्याचा चेहरा एकदम बदलला. त्याने जोरात मान हलवली. नाही, नाही. तोंड उघडलं, बंद केलं. शब्द शोधत होता. एकदा "शनिवार" आलं, त्याने डोळे मिटले, परत प्रयत्न केला. मग डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थापटलं आणि म्हणाला, "मी." थांबून परत म्हणाला, "मी."

ते न गाता म्हटलेलं होतं, नेत्रा. मार्गारेटबाईंना सांग. मी गेल्यावर तो आणखी काही बोलला असेल, पण माझ्यासमोरचा त्याचा पहिला खरा शब्द तो होता, आणि तो त्याने यासाठी खर्च केला.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. "बरं, तू," म्हणालो. त्याला बरं वाटलं.

तुझ्यावरचा राग किती उरलाय ते मी परतीच्या विमानात शोधत होतो. फारसा सापडला नाही. ज्याचं सगळ्यात जास्त गेलं तोच तुझ्यापुढे उभा राहतोय, मग मी कोण?

पण एक सांगतो, मोठा भाऊ म्हणून सांगतो असं समज. हे तू मला लिहिलंस. त्याला अजून सांगितलेलं नाहीस. त्याला माहीत आहे, हे पुरेसं नाही.

केदार


श्रूजबरी
१९ फेब्रुवारी २००६

प्रिय केदारदादा,

नोकरी लागल्यापासून मी पत्रं लिहायचं सोडलंय, सगळं फोनवरच चालतं. पण हे तुला कागदावर सांगायचं होतं.

दर रविवारी तू दादाला फोन करतोस ते आई सांगते. तू बोलतोस, तो हो-नाही करतो, मग तुम्ही दोघं काहीतरी म्हणता आणि तुला बिल किती येत असेल याचं बाबांना नवल वाटतं. आता तो लहान वाक्यं बोलतो. एकेक शब्द वेगळा ठेवून बोलतो, जिना उतरताना एकेक पायरी बघावी तसा. सकाळी धरमपेठच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायला जातो. डाव्या हाताचं अक्षर सुधारलंय. मार्गारेटना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, यापेक्षा फार पुढे कदाचित जाणार नाही. तेही मी आईला सांगितलंय. ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे एवढं म्हणतो, मला खूप झालं."

तू तेव्हा जे लिहिलंस ते मी अडीच वर्षं टाळलं. भारतात गेले तेव्हाही टाळलं. घरात सगळे असायचे, किंवा नसायचे तेव्हा मी दुसरंच काहीतरी बोलायचे. परवा संध्याकाळी इथे बर्फ पडत होता, ऑफिसमधून निघायला सात वाजले. रूट नाइनवरून मी अजूनही वीसच्या स्पीडने येते, मागचे हॉर्न वाजवतात. घरी आले आणि बूटही न काढता फोन लावला. तिकडे सकाळ होती, आई-बाबा फिरायला गेले होते. त्यानेच उचलला.

मी म्हणाले, "दादा, मध्ये बोलू नकोस." मग मीच हसले, कारण तो मध्ये बोलणं शक्य नव्हतं. तोही हसला. मग मी सांगितलं. "पंचाण्णवमधलं ते पत्र मी फाडलं. तू नाही, मी. गॅदरिंगला तू माझं सगळं स्वतःवर ओढून घेतलंस आणि मी गप्प राहिले. तुझा मित्र गेला, तुझी गिटार गेली, आणि मी प्रिलिम दिली. मला हे तुला तेव्हाच सांगायचं होतं."

पलीकडे काहीच नाही. त्याच्याशी बोलताना थांबायची सवय झालीये, पण हे थांबणं लांबत गेलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. शब्द शोधतोय हे कळत होतं आणि मी मदत केली नाही. मार्गारेटनी शिकवलंय, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही.

शेवटी तो म्हणाला, "नेत्रा."

मी म्हणाले, "हं."

"पंधरा... वर्षांची... होतीस."

मी रडत होते, त्याला ऐकू गेलं असणार. तो परत थांबला. मला वाटलं आता तो तुझ्याबद्दल काहीतरी म्हणेल, किंवा गिटारबद्दल, किंवा मला एकदा तरी रागावेल.

"जेवलीस?" तो म्हणाला.

मी नाही म्हणाले.

"जेव," तो म्हणाला. "मी... थांबतो."

मग मी रिसीव्हर खांद्यात धरून आदल्या दिवशीचा वरणभात गरम केला आणि टेबलाशी बसून जेवले. तो फोनवर होता. माझं जेवण होईपर्यंत त्याने फोन ठेवला नाही.

तुझी,
नेत्रा